सत्तावीसपैकी दोन भाग : हक्कसोड पत्रावर सही न करणाऱ्या एका विधवेचे प्रकरण

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातले हे प्रकरण २०२२-२३ मधले आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रकमाही थोड्या बदलल्या आहेत, पण हिशोबाची रीत तीच ठेवली आहे. ख्रिस्ती मंडळीत (चर्चच्या समाजात) पाळक म्हणजे धर्मगुरू, पंच किंवा महिला मंडळाचे काम करणाऱ्यांपुढे अशी घरे वरचेवर येतात, म्हणून ते सविस्तर मांडले आहे. कायद्याच्या तरतुदी त्या वेळी लागू असलेल्या आहेत.

## पार्श्वभूमी

करुणा ३६ वर्षांची, अंगणवाडीत मदतनीस. नवरा शांतवन एमआयडीसीतल्या एका खाजगी कारखान्यात फिटर होता. नोकरी १६ वर्षे ४ महिने, लग्नाला ११ वर्षे, मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी सहा. हे मिशनच्या काळापासूनचे, चौथ्या पिढीचे ख्रिस्ती घराणे. सासरे जाऊन सात वर्षे झाली होती. सासूबाई, थोरले दीर, त्यांचे कुटुंब आणि करुणाचे कुटुंब असे सगळे सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेल्या घरात राहत. वर एक खोली आणि स्वयंपाकघर करुणाकडे, खालच्या तीन खोल्या दिरांकडे. नणंद लग्न होऊन पुण्यात.

शांतवन ४२ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेला. दफनविधीनंतर आठव्या दिवशी, घरात सांत्वनाला येणाऱ्यांची रीघ चालू असतानाच, दिरांनी स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला हक्कसोड पत्राचा मसुदा पुढे ठेवला.

दीर दुष्ट नव्हते, हे आधीच सांगायला हवे. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात दवाखान्याचे एक लाख चाळीस हजार त्यांनी एकट्याने भरले होते. शांतवनच्या ८० हजारांच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीनही तेच होते. त्यांचा प्रस्ताव असा : करुणाने घरावरचा स्वतःचा आणि मुलांचा हक्क सोडावा, वरच्या खोलीत हवे तितके दिवस राहावे. कंपनीच्या कागदांवर वारस म्हणून त्यांचेच नाव असल्याने ते पैसे ते घेतील, त्यातून तिला दीड लाख देतील आणि मुलांच्या शाळेचे बघतील.

## अडचण नेमकी कुठे होती

वरवर पाहता हा पैशाचा प्रश्न होता. पण करुणाला सहीपर्यंत आणणारा दाब पैशाचा नव्हता, तो बायबलच्या वचनांचा होता. घरी आलेल्या एका वडीलधाऱ्या पंचांनी १ करिंथ ६, म्हणजे पौलाच्या पत्रातला सहावा अध्याय, काढून दाखवला. भावाने भावावर फिर्याद करावी हे पौलाला लाजिरवाणे वाटते, त्यापेक्षा अन्याय सोसा, असे तिथे आहे. दुसऱ्या कोणी अब्राहाम आणि लोटाची गोष्ट काढली. अब्राहामाने पुतण्याला आधी जमीन निवडू दिली आणि देवाने त्याचे काही कमी केले नाही. तिसऱ्याने ‘दुसरा गाल’ आठवला. तिघांच्याही मनात कपट नव्हते. पण तिघांनी मिळून तिच्यापुढे एकच वाट ठेवली : विश्वासू असशील तर सही कर.

पाळकसाहेब दहाव्या दिवशी आले. त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नाने प्रकरणाची दिशा बदलली : “ताई, या कागदात तुमचं किती आहे आणि पोरांचं किती?”

उत्तर कोणालाच माहीत नव्हते. मंडळीतल्या एका निवृत्त तलाठ्याने ते कागदावर मांडून दाखवले. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केले नसेल तर भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागतो. (गोव्यात हा हिशोब चालत नाही, तिथला वारसा कायदा वेगळा आहे.) मागे बायको आणि मुले असतील तर एक तृतीयांश बायकोला आणि दोन तृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी समान. घराचे २७ भाग धरले तर सासरे गेले त्या दिवशी सासूबाईंचे ९ आणि तिन्ही मुलांचे प्रत्येकी ६ झाले. शांतवन गेला तेव्हा त्याच्या सहापैकी करुणाचे २, मुलाचे २, मुलीचे २. मुले असल्यामुळे त्याच्या वाट्यातून आईला काही जात नाही.

तालुक्याच्या ठिकाणी इथेच चूक होते. दिरांच्या वकिलाने सवयीने हिंदू उत्तराधिकार कायद्याचा हिशोब लावला होता. त्यात आई पहिल्या वर्गाची वारस असते, म्हणून शांतवनच्या वाट्याचे त्यांनी चार तुकडे केले होते. शिवाय मसुद्यात ‘वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची मिळकत’ असे लिहिले होते. ख्रिस्ती घरात जन्माने मिळणारा असा हक्क नसतोच.

म्हणजे सहा भागांवर सही मागितली जात होती आणि त्यातले दोनच करुणाचे होते. उरलेले चार अल्पवयीन मुलांचे. ते सोडायचे तर पालक व पाल्य कायदा १८९० खाली न्यायालयात जावे लागते. आईच्या नुसत्या सहीने ते सुरक्षितपणे सुटत नाहीत.

इथे वचनांचा अर्थही उलगडला. अब्राहामाने सोडले ते स्वतःचे होते. पौल ‘अन्याय सोसा’ म्हणतो ते ज्याच्यावर अन्याय होतो त्याला, त्याच्या मुलांच्या विश्वस्ताला नव्हे. आपले सोडणे हा त्याग असू शकतो. दुसऱ्याची ठेव सोडून देणे याला त्याग म्हणत नाहीत. याच्या जोडीला पाळकसाहेबांनी गणना २७ वाचायला दिले. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशे, याजक, सरदार आणि साऱ्या मंडळीसमोर उभ्या राहून बापाचे वतन मागतात, आणि देव मोशेला सांगतो की त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मागितले म्हणून त्यांना कोणी लोभी ठरवत नाही.

## तोललेले पर्याय

सही करण्याचा पर्याय कागदाचा हिशोब कळल्यावर बाद झाला. वाटपाचा दावा लगेच लावायचा म्हटले तर तो वर्षानुवर्षे चालणार, आणि रोज एकाच नळावर पाणी भरायचे ते त्याच लोकांबरोबर. तो दरवाजा बंद केला नाही, शेवटचा ठेवला. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यामुळे तालुका विधी सेवा समितीत चौकशी करून ठेवली.

तिसरा पर्याय बहुतेक घरांत आपोआप निवडला जातो : सही करायची नाही आणि काही मागायचेही नाही, ‘प्रभू बघेल’ म्हणून थांबायचे. तो विश्वासासारखा दिसतो आणि म्हणूनच सगळ्यात घातक. दावे लांबतात, कागद हरवतात, कंपनीतला माहीतगार लिपिक बदलतो, आणि सात वर्षे वारस नोंद न केलेल्या घराची ती चौदा वर्षे होतात. बायबलमधल्या नहेम्याने यरुशलेमेसाठी उपास आणि प्रार्थना केली, पण राजाने “काय हवे?” विचारल्यावर त्याने मुदत सांगितली, नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना पत्रे मागितली आणि वेशींसाठी लाकूडही मागितले. प्रार्थनेनंतर मागण्यांची यादी त्याच्याजवळ तयार होती.

निवडला तो चौथा मार्ग. प्रकरणाचे दोन तुकडे केले. कंपनीकडच्या पैशांसाठी कोणाच्या संमतीची गरज नव्हती, तेव्हा तिथे थेट अर्ज करायचा. घराचा प्रश्न मात्र आधी मंडळीपुढे ठेवायचा. १ करिंथ ६ च्या पाचव्या वचनात पौल विचारतो की भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय. त्या अध्यायाचा दाखला देणारे बहुतेक जण या वचनाशी थांबत नाहीत.

## काय केले

नकार. तो कसा द्यायचा यावर पाळकीणबाई आणि करुणा तासभर बसल्या. कारणे देत बसायचे नाही, सासूबाईंसमोर बोलायचे, आणि वाक्य पाठ करायचे असे ठरले. दिरांनी पुन्हा कागद काढला तेव्हा ती म्हणाली, “दादा, तुमचा मान ठेवून सांगते. माझ्या वाट्याचं मी उद्या सोडीनही. पोरांच्या वाट्याचं सोडायचा मला अधिकार नाही. तीन महिने द्या, मग बसू.” दीर उठून गेले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण मसुदा टेबलावरून उचलून त्यांनी बायबलखाली ठेवला आणि नंतर तो कोणी मागितला नाही.

कंपनीचे पैसे. हा भाग किचकट होता आणि बहुतेक ठिकाणी लोक इथेच हार मानतात. कारखान्याच्या लिपिकाने नामनिर्देशनाचा फॉर्म २ दाखवला. वारस म्हणून भावाचे नाव. “त्यांची सही आणा, नाहीतर कोर्टाचा वारस दाखला आणा.” दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. भविष्य निर्वाह निधी (पीएफ) योजनेच्या परिच्छेद ६१ प्रमाणे लग्नाआधी केलेले नामनिर्देशन लग्न होताच रद्दबातल ठरते. नामनिर्देशन नोकरीला लागतानाचे होते, म्हणजे लग्नाच्या पाच वर्षे आधीचे. वैध नामनिर्देशन नसेल तर रक्कम कुटुंबातल्या पात्र व्यक्तींना समान मिळते : बायको, अल्पवयीन मुले आणि मृतावर अवलंबून असलेली आई. भाऊ त्या व्याख्येत बसतच नाही.

लग्न कधी झाले हे सिद्ध करणारा कागद निघाला तो चर्चमध्ये. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ खाली ठेवलेल्या विवाह नोंदवहीचा प्रमाणित उतारा पाळकांनी सही-शिक्क्यानिशी दिला. पण त्यावर नवऱ्याचे बाप्तिस्म्याचे नाव होते, आणि पीएफच्या नोंदीत शाळेच्या दाखल्यावरचे. ख्रिस्ती घरांत ही गाठ हमखास पडते. मग ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र केले आणि शाळेचा दाखला, बाप्तिस्म्याचा दाखला आणि आधार अशी जोडणी केली. यात पाच आठवडे गेले.

दावा मृत्यूप्रकरणांच्या एकत्रित फॉर्मवर केला. पीएफ (जुना फॉर्म २०), विमा (५आयएफ) आणि पेन्शन (१०डी) हे तिन्ही त्यात येतात. सोबत मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, रद्द केलेला धनादेश आणि पेन्शनसाठी मुलांसह फोटो. सासूबाईंचा अर्ज वेगळा.

हिशोब असा निघाला :

– पीएफ ४,६२,००० : चार समान वाटे, प्रत्येकी १,१५,५००.
– कर्मचारी ठेव संलग्न विमा : कमाल ७ लाख, प्रत्येकी १,७५,०००. पगार १५ हजारांच्या मर्यादेपुढे असल्याने १५,००० × ३५ = ५,२५,००० आणि पीएफ खात्यातल्या शिलकीच्या निम्म्यापोटी मिळू शकणारे जास्तीत जास्त १,७५,०००. या विम्याबद्दल घरात कोणी ऐकलेसुद्धा नव्हते.
– ग्रॅच्युइटी : १८,२०० × १५ ÷ २६ × १६ = १,६८,०००. ही वारसा कायद्याने वाटली जाते. करुणाला ५६,०००, मुलांना १,१२,०००, सासूबाईंना काही नाही.
– कुटुंब पेन्शन दरमहा, आणि दोन्ही मुलांना तिच्या प्रत्येकी २५ टक्के, वयाच्या २५ वर्षांपर्यंत.

ग्रॅच्युइटीचा फॉर्म ‘के’ कंपनीला पोस्टाने पोचपावतीसह पाठवला. तीस दिवसांत रक्कम आली नाही, तेव्हा ग्रॅच्युइटीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी नियंत्रक अधिकाऱ्याकडे जाण्याची लेखी सूचना दिली आणि पुढच्या पंधरवड्यात हालचाल झाली. मुलांचा वाटा कायद्याप्रमाणे त्या अधिकाऱ्यामार्फत बँकेत गुंतवला गेला.

कोणत्याही कार्यालयात करुणा एकटी गेली नाही. महिला मंडळातल्या दोघी पाळीपाळीने बरोबर जात. निघण्याआधी दारातच छोटी प्रार्थना, आणि वहीत तीन ओळी : आज काय मागायचे, कोणाकडे, नाही म्हटले तर लेखी नकार मागायचा. शेवटच्या ओळीला सगळ्यात जास्त धैर्य लागले. लिपिकाला “साहेब, हे लिहून द्या” म्हणायचे तिला दुसऱ्या खेपेला जमले, आणि त्याच खेपेला कोर्टाच्या दाखल्याची मागणी मागे पडली.

कर्ज. पीएफची रक्कम मृताच्या कर्जापोटी जप्त होत नाही, तेव्हा पतसंस्थेकडे पाठ फिरवता आली असती. पण मग वसुली जामीनदारावर आली असती. विम्याचे पैसे आल्यावर करुणाने पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या वाट्यातून ८० हजार भरले आणि बेबाकीचा दाखला दिरांच्या हाती दिला. हक्क मागणारी बाई घर बुडवायला निघाली आहे, ही गावातली कुजबुज त्या दाखल्याने बरीचशी थांबली.

मंडळीतला निवाडा. तिघे नेमले : निवृत्त शिक्षिका, तोच तलाठी, आणि दिरांच्या पसंतीचे शेजारच्या गावातल्या मंडळीचे एक डीकन (मंडळीचे सेवक). अटी लेखी होत्या. दोन बैठका, प्रत्येकाचे म्हणणे आधी वेगळे ऐकायचे, आणि प्रार्थना फक्त सुरुवातीला. अडलेल्या मुद्द्यावर प्रार्थनेने दाब आणायचा नाही, ही अट शिक्षिकेने घातली आणि ती फार शहाणपणाची ठरली.

## निष्पत्ती

नवव्या महिन्यापर्यंत पीएफ, विमा आणि पेन्शन सुरू झाले. मुलांचे पैसे त्यांच्या नावच्या मुदत ठेवीत आहेत. करुणाच्या खर्चाला पेन्शन, मानधन आणि तिच्या वाट्यातली उरलेली रक्कम. तंगी आहे, पण हात पसरावा लागत नाही.

सासूबाईंच्या हाती पहिल्यांदाच स्वतःचे २,९०,५०० आले. घरातले बोलणे त्याने जितके बदलले तितके कोणत्याही बैठकीने बदलले नाही. त्या आणि नणंद दोघींनी २७ भागांचा हिशोब मान्य केला आणि नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज सगळ्यांच्या नावाने गेला. मालमत्ता पत्रकावर दोन्ही मुलांची नावे अज्ञान पालनकर्ता आईसह लागली. प्रत्यक्ष वाटप झालेले नाही. करुणा वरच राहते.

दिरांनी निवाड्याच्या टिपणावर सही केली नाही. सध्या ते दुसऱ्या मंडळीत उपासनेला जातात. नोंदीला हरकत मात्र घेतली नाही.

## निर्णयाच्या जागा, आणि काय वेगळे करता आले असते

पहिला ताण आठव्या ते दहाव्या दिवसाचा होता. पाळक दोन दिवस उशिरा आले असते तर सही झाली असती. दुःखाच्या पहिल्या महिन्यात कोणताही कागद सही न करण्याचा नियम सांत्वनाच्या पहिल्याच भेटीत सांगायला हवा. तो सांगायला कायदा कळावा लागत नाही.

शुक्रवारच्या प्रार्थना सभेत करुणासाठी नाव घेऊन, घराचा तपशील सांगून विनंती केली गेली. ती संध्याकाळपर्यंत दिरांच्या कानावर गेली, आणि तीही ‘कोर्टात खेचणार आहे’ अशा रूपात. मत्तय १८ मधला क्रम साधा आहे : आधी एकट्याने, मग दोघेतिघे, मग मंडळी. इथे तिसरी पायरी पहिलीच्या आधी घडली. पैशाच्या आणि घराच्या गोष्टींसाठी विनंती ‘एका कुटुंबासाठी’ एवढीच करावी.

सासूबाईंना सगळ्यात शेवटी विचारले गेले. ९ भाग त्यांचे होते आणि पीएफमधला वाटाही. त्या दिरांच्या बाजूच्या आहेत असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. खरे तर त्या कोणाच्याच बाजूच्या नव्हत्या, त्यांना फक्त म्हातारपणाची धास्ती होती.

सगळ्यात मोठी चूक दवाखान्याच्या खर्चाबाबत झाली. दिरांनी वडिलांसाठी भरलेले एक लाख चाळीस हजार दुसऱ्या बैठकीच्या शेवटी पटलावर आले, तेही त्यांनी चिडून काढले म्हणून. तोवर निवाडा करणारे तिघे वाट्यांच्या अपूर्णांकांत गुंतले होते. कायद्याने तो खर्च घराच्या वाट्यातून आपोआप वजा होत नाही, पण न्यायाच्या बोलण्याची सुरुवात तिथून व्हायला हवी होती. टिपणाच्या शेवटी पाचवा मुद्दा जोडला गेला : घर कधी विकले किंवा वाटले गेले तर तिन्ही भावंडांच्या वाट्यांतून हा खर्च सारखा विभागून आधी दिरांना द्यावा. शांतवनच्या वाट्यावर येणारे सुमारे ४७ हजार मुलांच्या हिश्शाला हात न लावता आपण एकटी देऊ, असे करुणाने त्याखाली लिहून सही केली. तो कागद शिक्षिकेकडे आहे आणि दिरांच्या सहीची जागा त्यावर मोकळी आहे.